जुन्या पत्त्यावरची मालकीणबाई

किनुए नागाओला आमच्या ताकाओकात कोण ओळखत नव्हतं? आणि तरीही तीन वर्षं ही बाई नेमकी राहते कुठं, हे टपालखातं सोडून कोणालाही माहीत नव्हतं.

नागाओंचं किमोनोचं दुकान राजरस्त्यावर होतं. गावात लेकीचं लग्न ठरलं की आया आधी देवळात जायच्या आणि तिथून थेट नागाओंकडे. किनुए तिथली मालकीणबाई. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या चपलेकडे बघून ती कोणत्या फडताळातलं कापड काढायचं ते ठरवायची, आणि तिचा अंदाज चुकत नसे. दुकानामागे घर, घरामागे अंगण, आणि अंगणात पर्सिमॉनचं जुनं झाड. फळ तुरट, झाडावरून तोडून खाल्लं तर जीभ लाकडासारखी व्हायची. पण सोलून, दोऱ्याला बांधून वाळवलं की गुळाच्या तोंडात मारील असं गोड. शरद ऋतू सरता सरता नागाओंच्या ओसरीवर फळांचे नारिंगी पडदे लटकायचे आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे.

पुढं लोकांनी किमोनो नेसणं सोडलं. मुली एका दिवसापुरता भाड्यानं आणून फोटो काढायला लागल्या. नवरा गेला, पाठोपाठ दुकान गेलं, मग घरही विकावं लागलं. विकत घेणाऱ्यानं वेळ दवडला नाही. घर पाडलं, झाड मुळापासून उपटलं, वर डांबर ओतलं आणि पैसे टाकून गाडी लावायची जागा केली. किनुए शोगावा नदीच्या पलीकडं नगरपालिकेच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला गेली.

आमच्याकडं घर बदललं की जुन्या शेजाऱ्यांचा रीतसर निरोप घेतात, नव्या शेजाऱ्यांना टॉवेल नाहीतर शेवयांचं पुडकं देतात, आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ‘आम्ही अमुक ठिकाणी राहायला आलो, वाट वाकडी करून या’ असं कार्ड टाकतात. किनुएनं टॉवेल तेवढे वाटले. जुन्या शेजाऱ्यांना सांगितलं, बहिणीकडं राहायला जाते. कार्ड एकाही माणसाला टाकलं नाही. राजरस्त्यावरची नागाओ मालकीणबाई नगरपालिकेच्या वसाहतीत जिन्यावरून कचऱ्याची पिशवी उतरवते, हे कोणाला कळलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. निदान तिला तसं वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीत काही उरलं नाही म्हणजे तर ती जास्तच घट्ट झाकावी लागते.

टपालखात्याला मात्र सांगावंच लागलं. आणि तिथं तिला एक नवलच कळलं. जुना पत्ता आणि नवा पत्ता लिहून दिला की जुन्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र खातं वर्षभर नव्या घरी पोचवतं, फुकटात. घर का बदललं हे कोणी विचारत नाही. जुन्या पत्त्यावर नव्याची एक छोटी चिकटपट्टी लावतात, बस्स. ज्यानं पत्र धाडलं त्याला मधल्या भानगडीची गंधवार्ता नसते. त्याला वाटतं, पत्र गेलं, पोचलं. वर्ष संपत आलं की तोच कागद पुन्हा भरायचा, की पुढचं वर्ष मिळतं. किनुएला ही सोय आपल्यासाठीच कोणीतरी काढली आहे असं वाटलं.

मग तिनं पुढचं पाऊल टाकलं. गावाबाहेरच्या ओळखीच्यांना घर पाडल्याचं ठाऊक नव्हतं; त्यांच्यासाठी नववर्षाची कार्डं छापून घेताना दुकानाचं नाव काढलं आणि पत्ता तसाच ठेवला. राजरस्ता, नागाओ. लोकांची उत्तरं तिथं जात, चिकटपट्टी लावून नदी ओलांडत आणि एक जानेवारीला रबरबँड लावलेला गठ्ठा तिच्या पेटीत पडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो पीळ खातं दरवर्षी तिला घरपोच आणून देत होतं.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. तिची खरी अडचण हात्सुयो होती.

हात्सुयो ही मासे विकणाऱ्याची मुलगी, शाळेत किनुएच्या शेजारी बसणारी. लग्न होऊन ती लांब त्सुरुगाला गेली, बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेल्या इवाओच्या घरी. तिच्या लग्नातला किमोनो नागाओंच्या दुकानातला, किनुएनं भाडं न घेता दिलेला. पहिल्या मुलीचा पण तसाच. आयुष्यभर देणारा हात किनुएचा होता आणि त्या हाताची तिला सवय झाली होती. सगळ्या गावाला खरं सांगता आलं असतं एक वेळ, पण हात्सुयोला कसं सांगणार? जिच्यापुढं आपण कायम वरच्या पायरीवर उभं राहिलो, तिला ‘मी खाली उतरले’ हे सांगायला किनुएची जीभ रेटत नव्हती.

दर डिसेंबरात किनुए तिला अंगणातल्या वाळवलेल्या फळांचा खोका पाठवायची. झाड गेल्यावर तो बंद करायला हवा होता. पण खोका थांबला तर हात्सुयो कारण विचारणार. म्हणून किनुए बाजारातून तुरट फळं आणू लागली, सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पूर्वीसारखीच दोऱ्याला गाठ मारून तिनं ती खोलीपुढच्या गॅलरीत, अगदी आतल्या बाजूला टांगली. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता घातला राजरस्त्याचा. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हिनं ताक विकत आणून ते घरचं म्हणून पाठवलं.

हात्सुयोचं कार्ड येई. फोन बंद झालाय, कानाला त्रास होतो, पत्रच लिहीत जा, असं किनुएनं तिला आधीच कळवून टाकलं होतं. हात्सुयो लिही, ‘फळं पोचली. झाड कसं आहे, किनुचान? पाय बरे झाले की एकदा येऊन बघायचं आहे.’ किनुचान हे शाळेतलं नाव, आता तिला त्या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. किनुए उत्तर लिही, ‘झाड मजेत आहे. वसंतात नक्की ये.’ हात्सुयोचे पाय बरे होणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. त्या दुखऱ्या पायांच्या भरवशावर ती बोलावणं धाडत होती, आणि ते लिहिताना तिला स्वतःची लाज वाटायची. लाज वाटायची आणि तरी ती लिहायची.

तिसऱ्या वर्षी शरद ऋतूत मुदत संपत आली. किनुए कागद भरून टपाल कचेरीत गेली. मुद्दाम लांबच्या कचेरीत गेली होती, तरी रांगेत पुढ्यात उभ्या होत्या होरितासान, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, तिन्ही मुलींची लग्नं नागाओंच्या किमोनोत लावलेल्या.

“अगंबाई, मालकीणबाई, तुम्ही इकडं कुठं?”

“असंच, बहिणीकडं आले होते,” किनुए म्हणाली, आणि हातातला कागद तिनं पिशवीत सरकवला.

“दुकान बंद झालं तेव्हापासून तुमचं दर्शनच नाही. मी हल्ली मुलाकडं राहते ना, गावात येणंच होत नाही माझं. बरं, झाड काय म्हणतंय?”

“लगडलंय यंदा. फांद्यांना टेकू दिलेत.”

“भाग्यवान आहात. आमची सून बाजारातून आणते, त्याला ना चव ना ढव. काय काम काढलंत इथं? या, माझ्या पुढं या, मला काही घाई नाही.”

आता खिडकीपाशी जाऊन होरितासानच्या नाकासमोर ‘राहण्याची जागा: नगरपालिका वसाहत’ असा कागद कसा द्यायचा? किनुएनं तिकिटांचा एक ताव विकत घेतला, कमरेत वाकून निरोप घेतला आणि बाहेर पडली. उद्या येऊ, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. मग सर्दी झाली, मग फळं सोलायचे दिवस आले. कागद पिशवीतच राहिला आणि हळूहळू तिच्या डोक्यातूनही गेला. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं काही थांबत नाही, हे तिला दुकान चालवताना पाठ होतं. स्वतःच्या बाबतीत आठवलं नाही.

त्या वर्षीही तिनं खोका पाठवला. नववर्षाचं कार्डही टाकलं. त्यावर सोनेरी करकोचा होता, खाली ‘नूतन वर्षाचे अभिनंदन’, आणि तिच्या सुबक हस्ताक्षरात चार ओळी, ‘यंदा इतकी फळं आली की ओसरी पुरली नाही. तू असतीस तर आपण दोघींनी बसून सोलली असती. या वसंतात कारणं चालणार नाहीत. मागच्या खोलीत तुझं अंथरूण घालून ठेवते.’

एक जानेवारीला सकाळी पोस्टमनची मोटारसायकल वसाहतीत आली. शेजारच्या पेट्यांत गठ्ठे पडल्याचा आवाज तिनं वरून ऐकला. शाल गुंडाळून ती खाली उतरली. पेटीत नगरपालिकेची पत्रिका होती, दुसरं काही नाही. उशिरा येतील, म्हणून ती दुपारी पुन्हा उतरली. दुसऱ्या दिवशीही उतरली. लोक विसरले आपल्याला, असं वाटून तिचे डोळे भरून आले. मग पिशवीतला कागद आठवला.

म्हणजे सगळी कार्डं परत गेली होती. प्रत्येकाच्या हातात आपापलं कार्ड पडणार होतं, त्यावर लाल शिक्का, ‘या पत्त्यावर या नावाचं कोणी आढळलं नाही’. सगळ्यांना एकाच आठवड्यात कळणार होतं. तेवढाच विचार त्या वेळी तिच्या मनात होता, हे सांगायला हवं. लोक काय म्हणतील, होरितासान काय म्हणतील. हात्सुयोचं कार्डही परत गेलं असेल हे तिच्या लक्षात आलं ते सर्वांत शेवटी.

सुट्टी संपून कचेरी उघडली त्या दिवशी ती दारातच उभी होती. या खेपेला रांगेत कोण आहे ते तिनं पाहिलंही नाही. खिडकीतल्या मुलीनं कागद घेतला, शिक्का मारला.

“परत गेलेली पत्रं मात्र आता आमच्या हातात नाहीत हं, आजी. माफ करा. यापुढची येतील.”

यापुढची आली, पण एकच. जानेवारी निम्मा सरला होता. साधं पांढरं कार्ड, करड्या शाईत लिहिलेलं, जुन्या पत्त्यावर नवी चिकटपट्टी. अक्षर हात्सुयोचं नव्हतं. किनुएनं ते जिन्यातच वाचलं.

‘हात्सुयो ऑक्टोबरात गेली. दुखवट्याचं कार्ड तुम्हाला नोव्हेंबरात टाकलं होतं, ते परत आलं. पत्त्यावर कोणी नाही म्हणून शिक्का होता. मग डिसेंबरात तुमचा खोका आला. नववर्षाचं कार्ड आलं. दोन्हींवर पत्ता तोच. मला समजेना, म्हणून मी स्वतः येऊन गेलो. तिथं गाड्या लावलेल्या होत्या. हेही कार्ड त्याच पत्त्यावर टाकतो आहे, दुसरा पत्ता माझ्यापाशी नाही. परत आलं नाही तर तुम्ही कुठंतरी आहात असं समजेन. इवाओ.’

किनुए पायरीवर बसली. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला आमच्याकडं नववर्षाचं अभिनंदन करत नाहीत. म्हणून तर ते घर थंडीच्या सुरुवातीलाच कार्ड टाकून सगळ्यांना सावध करतं. पोरासोरांनाही ही रीत ठाऊक असते. आणि नागाओंच्या मालकीणबाईनं, जी सबंध गावाला सुतकात कोणता किमोनो नेसायचा ते सांगत आली, तिनं मेलेल्या मैत्रिणीला सोनेरी करकोचा पाठवला होता. यंदा कारणं चालणार नाहीत, असं तिला बजावलं होतं. शेजारीण जिन्यावरून वर आली, बरं नाही का, असं तिनं विचारलं. किनुएला मान वर करता येईना.

उत्तर लिहावं असं तिच्या मनात आलं. दोनदा लिहिलंही. पण पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायच्या जागी पेन अडलं. शेवटी तिनं काळा किमोनो काढला, धूपाचं पाकीट घेतलं आणि त्सुरुगाची गाडी धरली.

इवाओनं दार उघडलं. ठेंगणा, रुंद खांद्यांचा म्हातारा, आयुष्यभर बर्फाच्या लाद्या ओढून हात सुजल्यासारखे झालेले. किनुए दारातच गुडघे टेकून वाकली आणि उठेचना.

“उठा, उठा. लादी गार आहे,” तो म्हणाला. “म्हणजे पोचलं तर कार्ड. मी वाटच बघत होतो, परत येतंय की काय म्हणून.”

देवघराच्या कोनाड्यात हात्सुयोचा फोटो होता. फोटोपुढं वाळलेल्या फळांची बशी, आणि बशीला टेकून दोन कार्डं. एक इवाओच्या ओबडधोबड अक्षरातलं, लाल शिक्क्याचं. दुसरं सोनेरी करकोच्याचं. किनुएनं ते पाहिलं आणि धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

“ते काढून टाका. कृपा करा,” ती म्हणाली.

“का? तिचं टपाल आहे. तिच्या नावाचं आलं, मी तिला वाचून दाखवलं. एक तारखेलाच दाखवलं, मोठ्यानं.” इवाओनं चहा ओतला. “मग म्हटलं, बाईंना कळलेलं दिसत नाही, जाऊन सांगावं. आलो ताकाओकाला. गाड्यांमध्ये उभा राहून एका माणसाला विचारलं, इथं पर्सिमॉनचं झाड होतं का हो? तो म्हणतो, झाडाचं माहीत नाही आजोबा, गाडी लावायचीय का? म्हटलं, अरे बाबा, मी आगगाडीनं आलोय.”

तो स्वतःशीच हसला. किनुएला हसता आलं नाही. तिनं उदबत्ती लावली, हात जोडले, आणि फोटोकडं न बघताच म्हणाली, “झाड नाहीये, इवाओसान. तीन वर्षं झाली. मी तिला खोटं लिहीत होते.”

“ते तिला ठाऊक होतं.”

किनुएनं वळून पाहिलं.

“पहिल्याच वर्षी,” इवाओ म्हणाला. “खोका उघडला, एक फळ खाल्लं आणि म्हणाली, हे नागाओंच्या अंगणातलं नव्हे. त्याला बिया असायच्या, ह्यात एकही नाही. झाड गेलं. आणि एवढं झाड गेलं म्हणजे घर काय राहतंय? मी म्हटलं, मग विचार ना तिला. तर म्हणाली, दोरा बघा, गाठ किनुचानच्याच हाताची आहे. म्हणजे ती आहे, हात चालताहेत. बाकीचं सांगेल सवडीनं.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, मी गाडीत बसतो, जाऊन बघून येतो. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, शाळेत माझ्या अंगाला मासळीचा वास यायचा. पोरी बाक सोडून उठायच्या. किनुचान उठली नाही, आणि वास कसला म्हणून तिनं कधी विचारलंही नाही. मग मी कशाला विचारू? सांगायचं असेल तेव्हा सांगेल.” त्यानं चहाचा घोट घेतला. “म्हणून दरवर्षी लिहायची, झाड कसं आहे. तुमचं उत्तर आलं की वाचायची आणि म्हणायची, यंदाही नाही. बघू पुढच्या वर्षी.”

किनुएनं तोंडावर बाही धरली. वासाचं ते तिला आठवतही नव्हतं. ती उठली नाही, कारण तिला खिडकीजवळची जागा सोडायची नव्हती, इतकंच असेल कदाचित. आणि त्या एवढ्याशा गोष्टीची परतफेड हात्सुयो तीन वर्षं गप्प राहून करत होती, आणि ही तिच्या पायांचा हिशेब धरून तिला बोलावणी धाडत होती. गावापुढं वाटलेली लाज या लाजेपुढं काहीच नव्हती. ती बराच वेळ रडली. इवाओनं शेगडीचा जाळ थोडा वाढवला.

मग तो म्हणाला, “ऑक्टोबरात वर्षश्राद्ध आहे. बोलावणं पाठवायला हवं. पत्ता सांगा तुमचा.”

किनुएनं पदरी असलेला सगळा धीर गोळा केला आणि पिशवीतून कागद-पेन काढलं.

“मला नको,” इवाओ म्हणाला. त्यानं फोटोकडं बोट केलं. “मी नंतर लिहून घेईन. आधी तिला सांगा, तीच विचारत होती.”

किनुए फोटोसमोर सरकली. या पत्त्याचा एक शब्दही तिनं आजवर कोणापुढं उच्चारला नव्हता. पुटपुटल्यासारखं काहीतरी बाहेर आलं.

“जरा मोठ्यानं,” मागून इवाओ म्हणाला. “शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं.”

किनुएनं मान वर केली. फोटोतल्या हात्सुयोकडं तिनं आता पहिल्यांदा नीट पाहिलं.

“नदीपलीकडं,” ती मोठ्यानं म्हणाली. “नगरपालिकेची वसाहत. सातवी इमारत, दुसरा मजला. जिना आहे, हात्सुयो, लिफ्ट नाही. सावकाश ये.”